खिडकीजवळच्या खाटेवरचे काका

नर्सिंगचं शिक्षण मी नांदेडला पूर्ण केलं आणि पहिली नेमणूक मिळाली ती आमच्याच भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. हिंगोली तेव्हा नुकताच परभणीपासून वेगळा जिल्हा झाला होता. माझं माहेर शिरड शहापूरचं. वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे, आणि आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून कामावर जायला लागले तेव्हा मला वाटायचं, अवघड होतं ते सगळं मागे पडलं. सुई टोचायला शिकले, सलाईन लावायला शिकले, बाळंतपणं केली. आता काय राहिलं?

राहिलं होतं ते माणूस. तो भाग कॉलेजात कोणी शिकवला नव्हता.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळ एक खाट होती. त्या खाटेवर एक काका आले. पुसेगावच्या बाजूच्या एका खेड्यातले, चांगल्या जमिनीचे, गावात शब्दाला वजन असलेले. साखरेचा आजार जुना. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि नांदेडला नेऊन उजव्या पायाची बोटं काढावी लागली. पुढची रोजची मलमपट्टी आणि इन्सुलिन आमच्याकडे करायचं, असं ठरवून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं होतं. सोबत त्यांच्या बायको होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणाऱ्या, आणि नवरा बोलायला लागला की जमिनीकडे बघणाऱ्या.

पहिल्याच दिवशी मी पट्टीचा ट्रे घेऊन गेले. काकांनी मला नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. सगळं ऐकून घेतलं आणि पाय चादरीखाली ओढला.

"दुसऱ्या सिस्टरला पाठव," म्हणाले.

वॉर्डातल्या चार लोकांनी ऐकलं. मी ट्रे घेऊन तशीच परत फिरले. आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या होत्या. लग्न होऊन नव्हे, नोकरीसाठी म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचो. मराठी त्यांना येत होतं, फक्त बाईचा बुवा आणि बुवाची बाई करायच्या. त्यांनी माझा चेहरा बघितला, काय झालं ते विचारलं, आणि मला घेऊन सरळ खाटेपाशी गेल्या.

"काका, आज वॉर्डचा ड्यूटी या सिस्टरचा आहे. पट्टी ती करेल. तुम्हाला आत्ता नको असेल तर ती थोड्या वेळाने परत येईल. पण येईल तीच."

आवाज चढवला नाही, की उपदेश केला नाही. काकांनी तोंड फिरवलं. मी थोड्या वेळाने परत गेले. त्यांनी नाही म्हटलं. पुन्हा गेले. पाय ठणकत होता, पट्टी ओली झाली होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी पाय चादरीबाहेर काढला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी पट्टी केली. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. माफी मागितली नाही, आणि मीही तिची वाट बघत बसले नाही. मला काम करायचं होतं.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, कारण आता काका गोड बोलायला लागले.

"तुझ्या हातासारखा हात न्हाई, पोरी. ती दुसरी येते, जनू लाकूडच तासून राहिली." ती दुसरी म्हणजे माझ्यासोबतची परभणीची सिस्टर. मला बरं वाटायचं. कुणालाही वाटेल. मग हळूच म्हणायचे, "ती म्हणे, तू नवी हाय, तुला काही येत न्हाई. मी म्हनलं, तसं बोलू नको." माझ्या मनात खडा पडला. तिच्याशी माझं बोलणं तुटक झालं. तीही माझ्याशी तोंडापुरतं बोलायला लागली. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींकडे न बघता किल्ल्या द्यायचो.

तेवढ्यात दुखण्याच्या इंजेक्शनाचा घोळ झाला. सकाळी मी ते इंजेक्शन दिलेलं असायचं. दुपारी तिची ड्यूटी लागली की काका कण्हायचे, "सकाळच्या सिस्टरनं दिलंच न्हाई बघ. इसरली असल." एकदा ती दुसरं इंजेक्शन भरून घेऊन निघाली होती. बरं झालं, मोठ्या सिस्टर समोरून आल्या आणि त्यांनी विचारलं.

त्या दिवशी संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी आम्हा दोघींना ड्यूटी रूममध्ये बसवलं. स्टोव्हवर चहा केला आणि म्हणाल्या, "काका तुझ्याबद्दल हिला काय सांगतो ते हिने सांगायचं. हिच्याबद्दल तुला काय सांगतो ते तू सांगायचं."

आम्ही सांगितलं. साचा एकच निघाला, शब्द तेवढे बदललेले. माझा हात लोण्यासारखा, तर तिचा कापसासारखा. मला सांगायचे, ती तुला नवी म्हणते; तिला सांगायचे, मी तिला आळशी म्हणते. आधी दोघींना राग आला, मग एकमेकींकडे बघून हसू फुटलं ते आवरेना. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो वाईट माणूस आहे असं समजू नका. त्याला भीती आहे. भीती असलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो. आज त्याच्या हाताला तुम्ही लागला."

आणि तिथून पुढे आमची रीत बदलली. ड्यूटी बदलताना दोघींनी मिळून खाटेपाशी जायचं आणि काकांच्या देखतच सांगायचं, मोठ्यानं: "काकांना सकाळी इंजेक्शन दिलंय. पुढचं रात्री." काका ऐकायचे. मग कोणाला काही सांगायला जागाच उरायची नाही. काही मागितलं तर तिघींचं उत्तर एकच. चहात साखर? न्हाई, काका. रात्रीच्या आधी इंजेक्शन? न्हाई, काका, पण उशी सरळ करते, पाय उंच ठेवते. ते चिडले तर चिडू द्यायचं. आपण चिडायचं नाही. आणि त्यांनी हाक मारायच्या आधीच आपण जायचं. जाताना सांगायचं की आता पुन्हा कधी येणार, आणि सांगितल्या वेळेला यायचंच, हातात कितीही काम असलं तरी. हे सगळ्यात कठीण होतं. वॉर्ड भरलेला, दारात जीप थांबून बाळंतीण उतरायची, आणि खिडकीजवळच्या काकांना मी 'जेवणं झाल्यावर येते' म्हणून सांगितलेलं असायचं. पण आम्ही जायचो. दारातून नुसतं डोकावून "काका, बाळंतीण आलीय, जरा उशीर होईल" एवढं सांगितलं तरी चालायचं.

पहिले काही दिवस ते जास्तच बिघडले. पट्टी ओरबाडून काढली. डॉक्टरसाहेब राउंडला आले की रडून दाखवायचे, "मला इथं मारून राहिले हो." जेवणाचं ताट सरकवून द्यायचे. मी एकदा वैतागून मोठ्या सिस्टरांना म्हटलं, "हे काही जमायचं नाही." त्या म्हणाल्या, "बिघडतो म्हणजे ऐकू येतंय त्याला. थांब."

काकूंचे हाल मात्र बघवत नव्हते. काका त्यांच्याकडून चोरून गोड चहा मागवायचे. नाही म्हटलं की बोल लावायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, "मी मरायलाच टेकलो, तर एक कप चहा तुला जड झाला?" काकू बिचाऱ्या पदराआड पेला लपवून आणायच्या. आणि काकू जरा अंघोळीला किंवा बाहेर पाय मोकळे करायला निघाल्या की काकांच्या छातीत कळ यायची. दर वेळी. छातीवर हात, डोळे वर, "आलं, आलं!" काकू तशाच धावत परत.

त्या बाबतीत मोठ्या सिस्टरांचा नियम कडक होता. खोटं वाटलं तरी नाडी बघायची, बीपी घ्यायचं, डॉक्टरांना सांगायचं. साखरेच्या माणसाला खरंच हृदयाचं काही होऊ शकतं, आणि आपण कंटाळलो म्हणून त्याचं शरीर थांबत नाही. तेव्हा दर वेळी आम्ही सगळं तपासायचो, आणि दर वेळी शांतपणे सांगायचो, काका, सगळं ठीक आहे.

काकांची मुलगी कनेरगाव नाक्याच्या बाजूला दिली होती. तिला मुलगी झाली आणि बारशाचं बोलावणं आलं. काकू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलल्या. "सिस्टरबाई, एक दिवस जाऊन येऊ का वो? लेकीचं पयलं लेकरू हाय." मी म्हटलं, "जा की काकू. आम्ही आहोत ना."

सकाळी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, पिशवी भरली. टोपडं शिवलं होतं हातानं, ते मला दाखवलं. आणि दारापर्यंत पोचल्या तोच काकांच्या छातीत कळ आली.

मी धावले. नाडी घेतली, बीपी घेतलं. डॉक्टरसाहेब बाहेरच्या रुग्णांत होते, ते उठून आले, स्टेथोस्कोप लावून नीट तपासलं आणि ठीक आहे म्हणाले. काकू पिशवी हातात धरून दाराशी उभ्या. आत येईनात आणि बाहेरही जाईनात.

"काका," मी म्हटलं, "नाडी बरोबर आहे, बीपी बरोबर आहे. डॉक्टर बघून गेले. मी इथंच आहे, पट्टी झाली की तुमच्याजवळ येऊन बसते. काकू बारशाला जातायत."

"आन् मी मेलो तर?" काका ओरडले. सगळा वॉर्ड उठून बसला. "काहून चालली गं तू? तुला लाज वाटती का? नवरा इथं तडफडून राहिला आन् तू मिरवायला चालली?"

काकूंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता त्या पिशवी खाली ठेवणार. त्यांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पिशवी घट्ट धरून सरळ शब्दांत म्हणाल्या,

"तुमी ओरडा. मला आइकू येऊन राहिलं. डागदरनी बघितलं, सिस्टरबाई जवळ हायेत. मी उद्या दुपारच्या गाडीनं वापस येते. पर आज मी जाणार."

आणि गेल्या. मी थक्क झाले. आम्ही तिघी रोज काकांशी ज्या पद्धतीनं बोलायचो, ती पद्धत त्या कोपऱ्यात बसून, जमिनीकडे बघत, पूर्ण शिकल्या होत्या.

काकांनी आणखी थोडा वेळ आवाज केला. ऐकणारी गेली आहे हे कळल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. मी पट्ट्या उरकून सांगितल्याप्रमाणे त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले. ते रडत होते. या खेपेला आवाज न करता.

मग म्हणाले, "ती वापस न्हाई आली तर?"

"येतील. उद्या दुपारच्या गाडीनं म्हणाल्यात ना."

"माझ्या थोरल्या भावाचं बी असंच झालं होतं," ते भिंतीकडे बघतच बोलायला लागले. "त्याचा तर मांडीतून पाय काढला. पोरांनी त्याची खाट शेतातल्या आखाड्यावर नेऊन टाकली. ढोरांच्या बाजूला. भाकर यायची, व्हय, पर कोणाला आठवली तर. तो गरीब गाय होता, कधी मोठ्यानं बोललाच न्हाई. म्या तवाच ठरवलं, आपुन गप बसायचं न्हाई. गप बसलं की लोक इसरतात."

मी एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही ओरडला नाहीत तरी मी येते. येते की नाही?"

त्यांनी विचार केला. "येतीस," म्हणाले. जरा नाराजीनंच.

दुसऱ्या दिवशी काकू दुपारच्या गाडीनं आल्या. बारशाच्या घुगऱ्या आणल्या होत्या सगळ्या वॉर्डाला. काका त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत, पण छातीही दुखली नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "लेकरू कोणावर गेलं?"

त्यानंतर मला एक कल्पना सुचली. तेव्हा लघवीतली साखर तपासायला आम्ही काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचो, त्यात लघवीचे थेंब टाकायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचो. साखर नसली तर निळं ते निळंच राहायचं. असली तर हिरवं, पिवळं, आणि फार असली तर विटेसारखं लाल. काकांची नळी बहुतेक वेळा विटेसारखी यायची आणि ते शपथेवर सांगायचे की गोड शिवलंही नाही. मी मोठ्या सिस्टरांना विचारून नळी आणि चिमटा काकांच्याच हातात दिला.

"तुम्हीच करा तपासणी. मी फक्त बघते."

आधी त्यांनी नाक मुरडलं. पण हातात आल्यावर मात्र रंगले. रंग बदलताना डोळे बारीक करून बघायचे. विटेसारखा लाल आला तेव्हा माझ्याकडे चोरून बघितलं. मी रंग कागदावर लिहून घेतला. नळीशी खोटं बोलता येत नव्हतं आणि तिच्यापुढे रडूनही उपयोग नव्हता. काही दिवसांनी हिरवा आला. एका सकाळी निळा राहिला तेव्हा काकांनी नळी वर धरून सबंध वॉर्डाला दाखवली, "बघा रे, आभाळ हाय आभाळ!" काकूंना हाक मारून मारून दाखवलं. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. त्याच दिवसांत आम्ही काकूंना इन्सुलिन द्यायला शिकवलं. पहिल्यांदा त्यांनी संत्र्यात सुई टोचली, मग नवऱ्याच्या दंडात. काका डोळे मिटून बसले होते. टोचून झाल्यावर म्हणाले, "सिस्टरपेक्षा बरी टोचती." मला पक्कं ठाऊक होतं, हे ते काकूंना खूष करायला बोलले. पण या खेपेला मला ते आवडलं.

जखम भरायला लागली. तळाशी लाल, ओलसर, निरोगी मांस दिसायला लागलं. अशी जखम बघताना नर्सला जो आनंद होतो तो दुसऱ्या कुणाला समजावून सांगणं कठीण आहे.

शेजारच्या खाटेवर एक तरणा शेतकरी दाखल झाला होता. त्यालाही साखर निघाली होती आणि तो सुईला इतका भ्यायचा की नाव कापा, घरी सोडा म्हणून हटून बसला. मी समजावलं, डॉक्टरसाहेबांनी समजावलं. तो पिशवी भरायला लागला. तेव्हा काका उठून बसले आणि सुरू झाले. आधी त्याच्या गावातली ओळख काढली. मग त्याच्या बैलजोडीची तारीफ केली, जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मग आवाज खाली घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पायाची पट्टी दाखवून म्हणाले, "मला मुंबईच्या डागदरनं सांगितलं, तुमी एक महिना आधी सुई घेतली असती तर बोटं वाचली असती."

काका मुंबईला कधी गेलेच नव्हते. मी मोठ्या सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी हातातल्या गॉजच्या पट्ट्यांच्या घड्या घालणं चालू ठेवलं आणि पुटपुटल्या, "बोलू दे. आज त्याचा ड्यूटी आहे."

तो तरणा थांबला. संध्याकाळी त्यानं दंड पुढे केला. नंतर मात्र मोठ्या सिस्टरांनी काकांना एकटं गाठून सांगितलं की खोटा डॉक्टर आणायची गरज नाही, तुमचा पायच पुरेसा आहे. काका म्हणाले, "बराबर हाय. पर त्याच्यानं रंगत येते."

घरी जायचा दिवस आला तेव्हा मला धास्ती होती. अशी माणसं नेमकी त्याच दिवशी पुन्हा आजारी पडतात. मोठ्या सिस्टरांनी आठवडाभर आधीपासून त्यांना सांगून ठेवलं होतं की कधी जायचं, आणि गेल्यावर पट्टीला कधी यायचं. काकांनी सकाळी एकदा छातीवर हात ठेवून बघितला. काकू पिशवी भरत होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "सिस्टरबाईंना बोलवू का नाडी बघायला?" काकांनी हात खाली घेतला. "न्हाई. जीप आली का बघ," म्हणाले.

पुढे वर्षभर ते पट्टीला, मग तपासणीला येत राहिले. येताना गावातलं कुणी ना कुणी साखरेचं माणूस ओढून आणायचे आणि आमच्यापुढे उभं करायचे. स्वतः लग्नात जिलेबी खाऊन यायचे आणि खाल्ली नाही म्हणून सांगायचे. स्वभाव गेला नाही. पाय मात्र राहिला.

परभणीची सिस्टर आणि मी पुढे वेगवेगळ्या ठिकाणी बदलून गेलो. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. आमच्या दवाखान्यांत नवीन मुली येत राहिल्या, आणि त्यांतली एखादी पहिल्या महिन्यात डोळे पुसत येते, एखाद्या खाटेवरच्या माणसानं छळलंय म्हणून. मी तिला बसवते, चहा करते आणि विचारते, तो तुला काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांग.

काही वर्षांनी मी वाशीमला एका नातेवाइकाच्या लग्नाला निघाले होते. कनेरगाव नाक्यावर बस चहापाण्याला थांबली. धाब्यापुढच्या बाकड्यावर काका बसले होते, केस पांढरेशुभ्र झालेले, पायात मऊ रबराच्या तळाची खास करून घेतलेली चप्पल. शेजारी काकू, आणि दोघांच्या मध्ये एक परकर-पोलकं घातलेली मुलगी बिस्किट खात बसलेली. बारशाला काकू जिच्यासाठी गेल्या होत्या ती हीच.

मला बघताच काका तिथूनच ओरडले, "अय सिस्टर! इकडं ये!" आणि मी पोचायच्या आत त्यांनी चप्पल काढून पाय बाकड्यावर घेतला. "बघ. साधं खरचटलं बी न्हाई. रोज रात्री ही तपासती, कंदील घेऊन." मग आजूबाजूच्या लोकांकडे वळून, "या सिस्टरनं वाचवला, बरं का. लई कडक बाई."

"आवं, लोक जेवून राहिले, पाय खाली घ्या!" काकू म्हणाल्या.

"घेतो की," काका म्हणाले आणि पाय तसाच ठेवून शेजारच्या टेबलावरच्या ट्रक ड्रायव्हरला विचारायला लागले की त्याच्या घरात कुणाला साखर आहे का. काकूंनी सरकून मला जागा केली, आणि बस सुटेपर्यंत आम्ही दोघी त्यांच्या नातीच्या शाळेबद्दल बोलत बसलो.